किटलीचा सापळा

फान मास्तर भिंतीला पाठ लागल्याशिवाय बसत नसत. खानावळीत शिरले की आधी कोपरा बघायचे, मग वाटी. चहाची त्यांची बरणी म्हणजे जुनी मुरंब्याची काचेची बाटली. तिचं झाकण सुतळीनं बांधून ती ते काखेत घेऊन हिंडायचे. कचेरीतले गंगकाका एकदा म्हणाले, "मास्तर, तुमच्या चहात विष कालवायचं म्हटलं तरी आणायचं कुठून? रेशनला तेही मिळत नाही." मास्तर हसले. सुतळी मात्र तशीच राहिली.

माणूस जन्मतः असा नव्हता. पूर्वी आनछिंगच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हा दार सताड उघडं टाकून शिकवायचे, आवाज नदीवरच्या होडीपर्यंत जायचा. एका सकाळी त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. वाऱ्यानं झेंडा नेला. शिकवायचं होतं 'टेक' हे क्रियापद, बाहेर वारा सुटला होता आणि समोर मैदानात क्रांतीचा लाल झेंडा फडफडत होता, म्हणून सुचलं ते लिहिलं. क्रांतीच्या नावानं माणसं धरायचे दिवस होते ते, दुपारपर्यंत ते वाक्य फळ्यावरून उठून भलतीकडेच पोचलं होतं. कुठला झेंडा, कोणता वारा, नेला म्हणजे कुठं नेला, असं विचारणारे चौघे दारात उभे. मास्तरांना डुकरं राखायला डोंगरात धाडलं. तिथून ते परत आले तेव्हा बायको गेलेली होती, आणि एकुलती मुलगी वानपिंग हिला शिकलेल्या पोरांबरोबर नदीपलीकडच्या खेड्यात भात लावायला पाठवलेलं होतं.

ते वाक्य वर्गाबाहेर कुणी नेलं? मास्तरांनी डुकरांच्या सोबतीनं यावर पुष्कळ विचार केला होता. पोरं नसणार, पोरांना वाक्याचा अर्थच लागला नव्हता. त्या तासाला बाहेरचं एकच माणूस दाराशी आलं होतं, खडू मागायला. शेजारच्या वर्गावरच्या छूबाई.

आणि आता साल एकोणऐंशी. मास्तरांना परत बोलावून शब्दकोशाच्या कामाला बसवलं तर समोरच्या मेजाला कोण? छूबाई.

कचेरी भरायची जुन्या बाजारातल्या बंद पडलेल्या औषधांच्या दुकानात. जमिनीपासून छतापर्यंत भिंतभर बारीक खण, आणि प्रत्येकावर काळ्या शाईत जडीबुटीचं नाव. ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी. आत आता मुळ्या नव्हत्या, शब्द होते. छापील इंग्रजीत एखादं क्रियापद कुठं कसं वापरलंय ते सापडलं की हातभर कागदाचे आठ तुकडे करून त्यातल्या एकावर उतरवायचं, खाली आपल्या भाषेत त्याचा अर्थ लिहायचा, आणि चिठ्ठी खणात. चिठ्ठ्या पुरेशा झाल्या की अर्थ वेगवेगळे पाडायचे, पक्का उतारा करायचा, दुसऱ्यानं तो तपासून खाली आपला लाल शिक्का उठवायचा. शिक्का उठला की चुकीचा धनी तपासणारा. लिहिणाऱ्याला मग कुणी विचारत नाही. असा तिथला कायदा.

मास्तरांच्या वाट्याला 'टेक' आलं होतं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. आपण औषध खातो, इंग्रज औषध घेतो. आपण बसमध्ये बसतो, तो बसच घेतो. फोटो घेतो, अंघोळ घेतो, ताप मोजायचा तर तापही घेतो, बायको करायची तर तीही घेतो, आणि कुणी दोन शब्द जास्त बोललं तर राग घेतो. आपल्याला प्रत्येक वेळी नवं क्रियापद शोधावं लागतं, आणि जे शोधू ते जरा तोकडं तरी पडतं नाहीतर ढगळ तरी होतं. गंगकाका शेगडीत कोळसा सारता सारता हे ऐकायचे. म्हणायचे, "घ्यायचीच सवय लागलेली जात ती. हाँगकाँग काय उगाच घेतलं?"

मास्तर मात्र या शब्दावर जीव टाकायचे. ज्यानं आपल्याला डुकरांत नेलं तोच शब्द परत हाती आलाय, तर त्याचं हाडन् हाड सुटं करून बघू, अशी काहीशी जिद्द. पक्क्या चिठ्ठ्या ज्येष्ठमधाच्या खणात. ज्यांचं अजून मनाजोगं जमलं नव्हतं त्या शेजारच्या, कडू जर्दाळूच्या बियांच्या खणात. त्या खणाला दुसऱ्या कुणी हात लावायचं कारणच नव्हतं.

आणि त्यालाच हात लागत होता.

हे त्यांच्या नाकाला आधी कळलं. तो खण उघडला की जुन्या बियांचा कडवट वास यायचा. एके दिवशी त्यात तिखटाचा वास मिसळला. मग चिठ्ठ्यांचा क्रम हललेला दिसला. मास्तरांना टक्कल, तेव्हा लेखणीच्या कुंचल्यातला केस उपटून त्यांनी खणाच्या फटीत थुंकीनं चिकटवला. दुसऱ्या दिवशी केस गायब. परत चिकटवला, परत गायब. पाळत ठेवायची तर वेळ एकच, दुपारी जेवण झाल्यावर सगळी कचेरी मेजावर डोकं टेकून झोपते ती. मास्तर डोळे किलकिले करून जागे राहायचं ठरवायचे, आणि रताळ्याची पेज पोटात जडावली की सगळ्यांच्या आधी घोरायला लागायचे.

आता कुणी म्हणेल, चिठ्ठ्याच त्या, वाचल्या तर वाचल्या. पण मास्तरांचं काय टांगणीला लागलं होतं ते बघा. त्या हिवाळ्यात खेड्यात पाठवलेली पोरं एकेक करून घरी येत होती. वानपिंगचाही अर्ज वर गेला होता. बापावर आता काही बालंट नाही, माणूस सरळ आहे, असं कचेरीतल्या दोघांनी शिक्क्यानिशी सांगितलं की पोरगी घरी. गंगकाकांचा शिक्का उठलाही होता. दुसरा कचेरीचे प्रमुख श्यांगसाहेब देणार होते. कोशाच्या नमुन्याची पानं नव्या वर्षाच्या, वसंताच्या सणाआधी प्रांताच्या मुख्य गावी जाऊ देत, ती गेली की लगेच उठवतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. नेमक्या अशा वेळी कुणीतरी मास्तरांची वाक्यं गोळा करतंय. कशाला? एक वाक्य नेलं तेव्हा काय झालं हे ठाऊक असलेला माणूस दुसरा काय अर्थ लावील?

समोर छूबाई खाली मान घालून तपासत बसलेल्या असायच्या. बारीक चणीची बाई, करडे केस कानामागे चापून बसवलेले, बोटांची टोकं कायम लालसर. गावात घरोघर घेवड्याच्या बिया मिरचीत मुरवून त्यांचं तिखट घालतात, पण छूबाईंच्या हातचं तिखट म्हणजे काही औरच, असं लोक म्हणायचे. मास्तरांनी ते कधी चाखलं नव्हतं. बाईंनी वाटी पुढे केली की म्हणायचे, पोटाला सोसत नाही.

"पोटाला की मनाला?" छूबाईंनी एकदा विचारलं.

"दोन्ही जुनीच आहेत," मास्तर म्हणाले.

शेवटी त्यांनी सापळा लावला. जगात नसलेला एक अर्थ त्यांनी घरी बसून बनवला. 'टेक द केटल', म्हणजे किटली घेणे: यजमान चहा ओतायला विसरला की पाहुण्यानं स्वतः उठून किटली हातात घेणे, म्हणजेच चारचौघांत यजमानाचा पाणउतारा करणे. खाली एक ऐटबाज इंग्रजी वाक्य रचलं, पुस्तकाचं नावही आपल्याच डोक्यातून काढलं. चिठ्ठी कडू जर्दाळूच्या खणात, वरून तिसरी. त्यात राजकारण नाही, झेंडा नाही, बालंट येईल असं काही नाही. पण ही किटली कुणाच्या तोंडून, कुठंही ऐकू आली की चोर कोण ते कळणार. बाकी कुणाला ती माहीत असायचं कारणच नाही.

किटली काही कुणाच्या तोंडून आली नाही. आली ती थंडीची लाट. दुकानाच्या माडीवर भाडेकरू राहायचे, त्यांच्या स्वयंपाकघरात पाण्याचा मोठा रांजण. रात्री पाणी गोठलं, रांजणाला उभी चीर गेली, आणि सकाळी शेगडी पेटल्यावर सगळं पाणी फळ्यांमधून खाली, खणांच्या भिंतीमागून उतरून थेट तळाशी साचलं. वरच्या रांगा वाचल्या. मास्तरांच्या रांगा तळाला. खण ओढला तर आत काळी लापशी. पुरं वर्ष मांडी घालून गोळा केलेलं 'टेक' त्यांच्या मनगटावरून ओघळून जमिनीवर सांडलं.

मास्तर तिथंच बसले, त्या दिवशी भिंतीला पाठ न लावता. श्यांगसाहेब येरझारा घालत राहिले. नमुन्याची पानं 'टेक'चीच जायची होती, आणि प्रांताच्या गावाला पाणी पडलं असं सांगून भागणार नव्हतं.

दुसऱ्या सकाळी छूबाई आल्या त्या हातगाडी ओढत. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली चिनी मातीची बरणी, लोणच्याची असते तशी, तोंडावर तेलकट कागद दोरीनं आवळलेला. गंगकाकांनी आणि त्यांनी मिळून ती आत आणली. दोरी सोडली. आत चिठ्ठ्या. गठ्ठेच्या गठ्ठे, छूबाईंच्या बारीक अक्षरात, मास्तरांच्या एकूण एक चिठ्ठीची नक्कल. श्यांगसाहेब वाकून बघायला गेले आणि तिखटानं लागोपाठ शिंकत सुटले.

"दुपारी मला झोप येत नाही," छूबाई म्हणाल्या. "आमच्या शाळेतले मागचे कागद अंगणात जाळले, तेव्हा आगीत सारायला मलाच उभं केलं होतं. तेव्हापासून जे बघते त्याची नक्कल करते. घरी तुमची एकट्याचीच बरणी नाही, सगळ्यांच्या आहेत."

सगळ्यांनी छूबाईंना डोक्यावर घेतलं. मास्तरांनीही आभार मानले, मानायलाच हवे होते. पण आतून ते थंड पडले होते. चोर सापडला होता, स्वतःच्या तोंडानं बोलला होता, आणि आता त्याचीच आरती चालली होती. नक्कल जपायला केली? की दाखवायला केली, आणि वेळ बघून जपायला केली म्हणून सांगितलं? बरणी तर बरणी, तिचं तोंड कुणासाठी बांधलं होतं हे बरणी थोडंच सांगते.

मग श्यांगसाहेब शेगडीजवळ बसून चिठ्ठ्या वाचायला लागले, आणि एका चिठ्ठीवर थांबले. मांडीवर थाप मारून त्यांनी ती मोठ्यानं वाचली. किटली.

"बघा," ते म्हणाले, "आपण म्हणतो गोऱ्याला रीतभात नाही. पाहुण्यानं किटली धरली तर यजमानाची नाचक्की, हे त्यालाही कळतं की. फान मास्तर, असा अर्थ खुद्द त्यांच्या कोशात नसेल."

नव्हताच. मास्तरांना आता कळलं की चोराला फसवायला त्यांनी असं खोटं निवडलं होतं जे आपल्यातल्या कुणालाही खरंच वाटावं. पाहुण्याला चहा स्वतः ओतून घ्यावा लागणं ही आपली लाज. ती त्यांनी इंग्रजाच्या अंगावर चढवली होती, आणि तिथं ती फार चपखल बसली होती. श्यांगसाहेबांना ती इतकी आवडली की दुपारी टपालकचेरीत जाऊन त्यांनी प्रांताच्या गावाला फोनवर किटलीची गोष्ट सांगितलीसुद्धा.

उतारा तयार झाला. किटली पहिल्याच पानावर. तपासणाऱ्या छूबाई, म्हणजे खाली शिक्का त्यांचा. उद्या पानं जाणार, उद्याच श्यांगसाहेब वानपिंगच्या कागदावर शिक्का उठवणार. मास्तरांनी फक्त गप्प बसायचं. पुढंमागं प्रांतातल्या कुणा जाणत्यानं विचारलंच की हे कुठून आणलंत, तर उत्तर द्यायचं छूबाईंनी. चिठ्ठी त्यांच्या अक्षरातली, मूळ चिठ्ठीची लापशी झालेली, शिक्का त्यांचा. फळ्यावरचं वाक्य ज्या बाईनं नेलं, तिनं उचललेलीच चिठ्ठी तिला घेऊन बुडणार. मास्तरांनी डोंगरात डुकरांपुढं उभं राहून नुसता हट्ट धरला असता तरी देवानं याहून बरी जुळणी करून दिली नसती.

त्या संध्याकाळी ते नदीवर गेले. पलीकडून होडी आली, पोरापोरींची गठुडी उतरली, आया धावल्या. वानपिंग यायची ती याच धक्क्यावर. ते बघत राहिले. आणि बघता बघता त्यांच्या डोक्यात छूबाईंना विचारले जाणारे प्रश्न उभे राहायला लागले. कुठली किटली? कुठला पाहुणा? हे पुस्तक कुठं आहे, दाखवा. सूर ओळखीचा होता. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं की या खेपेला दारात उभे राहणारे चौघे कुणी धाडलेत हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यांनीच.

सकाळी छूबाई शिक्क्याला लाल लेप लावत होत्या तेवढ्यात मास्तर उठले. त्यांच्या चहाची बरणी मेजावरच राहिली.

"शिक्का उठवू नका," ते म्हणाले. "किटली खोटी आहे. मी बनवली."

श्यांगसाहेबांना आधी वाटलं म्हातारा थंडीनं बरळतोय. मास्तरांनी मग सगळं सांगितलं. कुंचल्याचा केस सांगितला, दुपारचं जागणं सांगितलं, सापळा कुणासाठी होता तेही नाव घेऊन सांगितलं. ते सांगताना छूबाईंकडं मात्र बघितलं नाही. श्यांगसाहेबांचा चेहरा हळूहळू लेपाच्या रंगाचा झाला.

"मी प्रांताला फोन केलाय," ते म्हणाले. "कौतुकानं सांगितलंय. तुम्ही मला तापल्या किटलीवर बसवलंत, फान मास्तर. सोबत्यांवर सापळे लावणारा माणूस सरळ आहे असं मी कुठल्या तोंडानं लिहून देऊ? त्या कागदाचं माझ्याकडून आता होणार नाही." आणि ते मफलर गुंडाळून परत फोन करायला निघून गेले.

गंगकाकांनी शेगडी उगाच ढवळली. मास्तर खुर्ची चाचपत बसले. खुर्ची दाराकडं पाठ करून होती, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

छूबाईंनी उताऱ्यातली किटलीची ओळ सावकाश खोडली. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं ते."

मास्तरांनी वर बघितलं.

"लहानपणी मी मिशनच्या शाळेत होते. तिथली गोरी बाई आम्हाला रोज स्वतःचा चहा स्वतः ओतून घ्यायला लावायची आणि वर शाबासकी द्यायची. किटली घेतली म्हणून अपमान होतो होय त्यांचा? चिठ्ठी बघितली तेव्हाच कळलं, ही माझ्यासाठी ठेवलीय. खणात केस चिकटवता तेव्हाही कळायचं."

"मग उताऱ्यात येऊ का दिलीत?"

"तुम्ही माझी परीक्षा बघत होतात. मी तुमची बघितली. शिक्का उठेपर्यंत बोलता की नाही ते."

"आणि नसतो बोललो तर?"

"तर नसता उठवला. मी काय खुळी आहे?"

गंगकाका खोकल्यासारखं करून हसले. मास्तरांना हसू आलं नाही. इतकी वर्षं जिभेखाली धरलेलं आता बाहेर पडलंच. झेंड्याचं वाक्य तुम्ही नेलंत का, असं त्यांनी सरळ विचारलं.

छूबाईंनी बोटांचा लाल लेप चिंधीला पुसला. मग म्हणाल्या, "नाही. मला कुणी विचारलंच नाही." पुढचंही त्यांनी सांगितलं. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. घरात माझी आई आजारी होती. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायचा तर एवढ्यापुरताच ठेवा."

बाईंनी नाही म्हणून शपथ घेतली असती तर मास्तरांनी एक शब्द खरा मानला नसता. हे मात्र कुठं ठेवावं त्यांना कळेना. ज्येष्ठमधाच्या खणात बसेना आणि कडू जर्दाळूच्याही.

"कागद कुठाय?" छूबाईंनी विचारलं.

"कुठला?"

"पोरीचा. दोन सोबती लागतात. त्यातला एक साहेबच हवा असं कुठं लिहिलंय?"

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला, छातीच्या उबेनं मऊ झालेला. छूबाईंनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली, लेपात दाबला आणि गंगकाकांच्या शिक्क्याशेजारी उठवला. मग म्हणाल्या, "सापळे लावणारा असला तरी माणूस सरळ आहे. लावलेले स्वतःच उचलतो."

वानपिंग सणानंतर आली, होडीतून, पाठीवर गादीची वळकटी घेऊन. बापाला ओळखायला तिला जरा वेळ लागला. श्यांगसाहेब मास्तरांशी पुढचं वर्षभर कामापुरतंच बोलले. किटलीवाले साहेब असं नाव त्यांना प्रांताच्या गावात पडलं ते पडलंच, आणि ते जायला तर त्याहून वेळ लागला.

'टेक' परत उभं राहिलं. उन्हाळ्याच्या तोंडाला मास्तरांनी एका दुपारी दोन्ही खणांतल्या नव्या चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं बांधल्या आणि छूबाईंच्या मेजावर ठेवल्या. म्हणाले, आम्ही झोपल्यावर चोरून कशाला उतरवता, राजरोस घरी न्या. बाईंनी गठ्ठे रिकाम्या बरणीत भरले, तोंड बांधलं आणि कचेरी सुटल्यावर बरणी छातीशी धरून निघाल्या.

मास्तरही निघाले. त्यांचं घर उलट्या बाजूला. पण ते बाजारातून, भाजीवालीच्या आडून, मग विहिरीच्या आडून, बाईंच्या मागं मागं चालत राहिले. दिलं ते मनापासून दिलं होतं. तरी बरणी घरीच जाते ना, एवढं बघायला काय हरकत होती?

गल्लीच्या चढावर छूबाई थांबल्या. मागं वळल्या नाहीत.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "येताच आहात तर पुढं या. जड आहे, एक बाजू धरा."

मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं. चहाची बाटली काखेतून काढून कोटाच्या खिशात कोंबली, आणि पुढं होऊन बरणीचा एक कान धरला.